प्रॉन्गहॉर्नच्या मागे धावू नकोस

अरे, प्रॉन्गहॉर्नचे, म्हणजे हरणासारख्या दिसणाऱ्या त्या चपळ प्राण्याचे, फोटो काढायचेत ना? मग आधी गाडीतून उतरायची घाई सोड. अमेरिकेतल्या वायोमिंगच्या त्या उघड्या माळावर आडोसा म्हणून गुडघाभर सेजब्रशची झुडपं, बस्स. तुला प्रॉन्गहॉर्न दिसायच्या आधीच त्यानं तुला हेरलेलं असतं. दबा धरून जवळ जायचा नाद मीही केला. गुडघे सोलले आणि फोटो मिळाले ते पांढऱ्या ढुंगणांचे! ते पांढरे केस फुलले की समज, गडी बिथरलाय. ताशी ८० किलोमीटरच्या पुढं पळणाऱ्याचा पाठलाग कसला करतोस?

गाडी कडेला लाव, इंजिन बंद कर, खिडकीत बीनबॅगवर (लेन्सला आधार देणाऱ्या छोट्या भरीव पिशवीवर) लेन्स टेकव आणि थांब. कुतूहल दांडगं असतं त्याला, कधीकधी आपणहून जवळ येतो. कुंपणापाशी नजर ठेव: तारेवरून उडी क्वचितच मारतो, बहुतेकदा खालून सरपटत निघतो. तो फोटो सोडू नकोस.

सप्टेंबरच्या उत्तरार्धात नरांची जुंपते, तेव्हा शटरचा वेग १/२००० सेकंदापेक्षा कमी नको. ऊन चढलं की तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते. मग ६०० एमएमची महागडी लेन्ससुद्धा मऊ, म्हणजे धूसरच फोटो देते. खुशाल कॉफी प्यायला जा, संध्याकाळी ये. आणि हो, यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात प्रॉन्गहॉर्नपासून किमान २५ यार्डांचं अंतर हा नियमच आहे.