चार वाजताचं जेवण

मावशी,
मी ३६ वर्षांची. साताऱ्यात लग्न, साखरपुडे, बारशी यांचे फोटो काढते. पूर्वी एका स्टुडिओत पगारावर होते, आता स्वतःचं काम आहे आणि ऑर्डरी बऱ्या मिळतात. मध्यंतरी पळायची गोडी लागली. सप्टेंबरच्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये नाव घातलंय. पाच किलो वजनही उतरवायचंय, म्हणून सोळा तास उपास आणि आठ तासांत खाणं असं सुरू केलंय. लग्नाच्या दिवशी तसंही चारपर्यंत जेवण होत नाही, त्यामुळे तो दिवस आयताच निभावतो. लाइट धरायला कॉलेजातला एक मुलगा असतो, तोही काही मागत नाही, गुणी आहे. अडचण अशी, की सीझनमध्ये सगळं कोलमडतं. रात्री अकराला घरी येते, कॅमेऱ्याची कार्डं कॉपी करून झोपायला एक वाजतो, पाचचा गजर बंद करून पुन्हा झोपते. पळणं चुकलं की दिवसभर चिडचिड. अल्बम रखडलेत, बॅलन्स अडकलेत, लेकीचा अभ्यास नवऱ्यावर पडलाय. तो समजूतदार आहे, पण परवा म्हणाला, "तू घरात असलीस तरी घरात नसतेस." फार लागलं ते. सोबत आठवड्याचं वेळापत्रक जोडतेय. पळणं, काम आणि घर, यातलं काय कमी करू?
– धावपळ, सातारा

अगं धावपळ,

वेळापत्रक चष्मा लावून वाचलं. पळण्याला हिरवा रंग, शूटला तांबडा, एडिटिंगला निळा, लेकीच्या अभ्यासाला पिवळा. मंगळवारी संध्याकाळी 'स्ट्रेचिंग', गुरुवारी 'क्लायंट फॉलोअप'. रविवारी 'मी-टाइम' असा एक चौकोन आहे आणि त्यात बारीक अक्षरात 'कपड्यांच्या घड्या' लिहिलंय, त्याबद्दल आज बोलत नाही. पण सात दिवसांच्या त्या रंगीबेरंगी तक्त्यात दुपारचं जेवण कुठेच नाही. एकाही दिवशी नाही.

मग पत्र परत काढलं. तू नवऱ्याच्या वाक्यावर रडली आहेस, गजरावर रडली आहेस, आणि चार वाजेपर्यंत उपाशी राहतेस ते मात्र फायद्याच्या खात्यात टाकून मोकळी झालीस. आयताच निभावतो म्हणे!

काय निभावतो ते मी सांगते. तू लग्न कॅमेऱ्याच्या मागून बघतेस, मी खुर्चीत बसून बघते, त्यामुळे मला तूही दिसतेस. सकाळी सहाला तू हळदीला पोचतेस. घरचे तेव्हा आंघोळीला नंबर लावून उभे असतात. कुणीतरी अर्धा कप चहा हातात देतं. मग देवक, हळद, गौरीहर, नवरदेवाची वरात, मंगलाष्टका. शेवटच्या अक्षता पडल्या की अख्खा मांडव ताटांकडे पळतो आणि तू उलट दिशेला, होमाकडे. कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी, यातलं एकही चुकवून चालत नाही. ते आटपेतो आहेराची रांग स्टेजखाली उतरलेली असते आणि प्रत्येक आत्याला आपला वेगळा फोटो हवा असतो. चारला तू खाली येतेस तेव्हा वाढपी पातेली घासायला नेत असतात. मग तुझ्यासाठी गार पुऱ्या, तळाला लागलेला मसालेभात आणि पाणी सुटलेली कोशिंबीर निघते. डाव्या हाताने लॅपटॉपवर कार्ड उतरवायचं, उजव्या हाताने घास घ्यायचा. तेवढ्यात हाक येते, "मॅडम, मामांचा ग्रुप राहिला!" की हात पुसत उठायचं. ताटात अर्धी पुरी तशीच.

आणि एवढं झाल्यावर रात्री त्याच तारखेवर तू लाल फुली मारतेस: 'व्यायाम नाही'. अगं, दिवसभर दोन कॅमेरे अंगावर लटकवून फिरतेस. त्यातल्या एकाला ती लांबलचक ७०-२०० ची लेन्स, ती एकटीच दीड किलोच्या आसपास भरते. फ्लॅश, सेल, बॅग वेगळी. उकिडवं बस, खुर्चीवर चढ, वरातीपुढे उलटं चाल. शर्यतीतला यवतेश्वरचा घाट ज्या पायांनी चढायचा म्हणतेस तेच पाय बारा-बारा तास उभे असतात, तेही पेढा, सरबत आणि चहावर. मग पहाटे गजर बंद करणाऱ्या बाईला तू आळशी ठरवतेस. मला तर ती घरातली सगळ्यात शहाणी बाई वाटते.

सोळा तासांचा उपास कुणाला मानवतो, कुणाला नाही, त्या वादात मी पडत नाही. पण ज्याला उपास करायचा तो ठरवून करतो, आणि सोडायच्या वेळी नीट जेवतो. तू करतेस तो उपास नव्हे, उपासमार आहे, आणि त्यावर पळण्याची भर. खेळाडूंच्या डॉक्टरांना ही गोष्ट चांगली ठाऊक आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये तिला नाव दिलं: रिलेटिव्ह एनर्जी डेफिशियन्सी इन स्पोर्ट. अंगमेहनतीला लागतं तेवढं पोटात गेलं नाही, की शरीर बाकीच्या कामांवरचा खर्च कापायला लागतं. पाळी पुढे जाते, हाडं कमजोर होतात, दुखणी लवकर बरी होत नाहीत, स्वभाव चिडका होतो. चिडचिडीचं तूच लिहिलंयस. पाळीबद्दल काही लिहिलं नाहीस. मागेपुढे होत असेल तर या आठवड्यात डॉक्टरांकडे जा. एरवीही हिमोग्लोबिन तपासून घे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांना रक्तक्षय निघाला होता. घाटात पाय जड पडत असतील तर दर वेळी दोष सरावाचा नसतो.

आता मुद्द्याचं. तुला जेवायला मिळत नाही, कारण तू मागत नाहीस.

त्याच मांडवात बाकीच्यांचं बघ. गुरुजींच्या चहा-फराळाचं आदल्या दिवशीच विचारून ठेवलेलं असतं. मेकअपवाली आल्या आल्या सांगते, "माझ्यासाठी पोहे पाठवा, मग बसते," आणि पोहे येतात, लिंबाच्या फोडीसकट. तिला कुणी आगाऊ म्हणत नाही. आपल्याकडे लग्नाच्या याद्या करताना मानपान, कुणाकडची किती माणसं, कोण कशाचा खर्च उचलणार, सगळं कागदावर उतरतं. केटरर पानामागे पैसे घेतो, तो आकडा पक्का करून मागतो. त्या आकड्यात तुझं पान धरलंय का, हे तू कधी विचारलंयस? नसेल धरलं, तर चार वाजता तुला मिळतं ते उरलेलंच असतं.

वधूपित्याला यात ओढू नकोस. त्याला त्या दिवशी स्वतः जेवलो की नाही हेही आठवत नसतं. तुझं जेवण लक्षात ठेवणं त्याचं काम नाही, ते तुझ्या कोटेशनचं काम आहे.

आणि तू का मागत नाहीस, तेही मला दिसतं. "ताई, तुम्ही तर आमच्या घरच्याच" असं कुणी म्हटलं की तुला बरं वाटतं. वाटणारच, त्यावरच पुढच्या ऑर्डरी येतात. पण आपल्या घरच्या बायका कितव्या पंगतीला बसतात, हे काय तुला सांगायला हवं? ती शेवटची पंगत तू धंद्यातही घेऊन आलीस. घरच्या बाईला तिथे कुणी ॲडव्हान्स दिलेला नसतो. तुला दिलेला असतो. तू तिथे कामाला गेलेली आहेस, कामावरचा माणूस वेळेवर जेवतो, आणि त्याला कुणाची ना नसते.

इथे तुझ्याबद्दलची माझी माया संपते, कारण मला तो लाइट धरणारा मुलगा आठवतो. गुणी आहे, काही मागत नाही, असं लिहितेस! अठरा-एकोणीस वर्षांचं पोर सकाळी सहापासून हात वर करून उभं आहे, समोरून जिलेबीची ताटं चालली आहेत, आणि ते मागत नाही, कारण त्याची मालकीण मागत नाही. त्याचं तोंड तू बंद केलंयस. तू स्वतःच्या पोटाशी काय खेळायचं ते खेळ, त्याच्या पोटाशी खेळायचा हक्क तुला कुणी दिला? स्टुडिओत पगारावर होतीस तेव्हा साहेबांनी तुला असंच ताटकळत ठेवलं असेल तर त्यांना मनातल्या मनात काय म्हणायचीस ते आठव. तेच तो आता तुला म्हणत असेल, गुणी असल्यामुळे मोठ्याने म्हणत नाही इतकंच.

तेव्हा मी तुला एकच गोष्ट करायला सांगणार आहे. पळणं, काम, घर यातलं काहीही कमी करू नकोस. तुझ्या कोटेशनमध्ये, अल्बमची पानं आणि ड्रोनचा दर लिहितेस त्याच्या खाली, पेमेंटच्या ओळीच्या वर, एवढं घाल:

"फोटोग्राफर व सहायक यांचं जेवण ठरल्या वेळी, बसून. त्या अर्ध्या तासात फोटो काढले जाणार नाहीत."

खाली माणसं किती ते लिही, म्हणजे केटररला आकडा जाईल. 'कृपया' नको, 'शक्य असल्यास' तर मुळीच नको. नेमका अर्धा तास कुठला, ते तू ठरव, त्या दिवसाचा क्रम तुला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. मला विचारशील तर सप्तपदी झाल्यावर नवरी साडी बदलायला आत जाते ती वेळ चांगली. ती तासाभराशिवाय बाहेर येत नाही आणि तिच्याशिवाय स्टेजवर कुणाला चढायचं नसतं. सकाळी निघतानाही डब्यात काहीतरी ने. थालीपीठ, उकडलेली अंडी, दाण्याचा लाडू, जे घरात होतं ते. हळदीच्या आधी गाडीतच बसून दोघांनी खा.

तुला वाटेल, याने ऑर्डर जाईल. एखादी जाईलही. दोन लाखांचं काम देणारा माणूस दोन पानांवरून ते मोडत असेल, तर बॅलन्सच्या वेळी त्याने काय केलं असतं याचा विचार कर. बॅलन्स अडकलेत हेही तू जाता जाता लिहिलंयस, आणि ते वेगळं दुखणं नाही. जेवण मागता न येणाऱ्या तोंडाला पैसेही मागता येत नाहीत. शेवटचा हप्ता जमा झाल्याशिवाय अल्बम छापायला टाकू नकोस, ही ओळ त्याच कागदावर त्याच दिवशी घालून टाक. कागद एकदाच टाईप करायचा आहे.

बाकीचं भराभर सांगते. शर्यत धाव. आषाढी एकादशीनंतर चातुर्मास लागतो, मुहूर्त थांबतात, सप्टेंबरपर्यंतचे तुझे पळण्याचे खरे आठवडे ते. तोवर लग्न नसेल त्या दिवशी निवांत पळ, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी गजर लावायचाच नाही. त्या शर्यतीत चढ आधी आणि उतार नंतर, हे साताऱ्यात राहून तुला मी सांगायला नको. तिथे पोटात काही नसलेल्या माणसाचं सोंग पहिल्या पाच किलोमीटरांतच उघडं पडतं. पाच किलो वजनाचं भूत सध्या उतरव. सीझन संपल्यावर वेळेवर जेवायला लागलीस, की काय उतरायचं ते उतरेल, आणि नाही उतरलं तरी घाट चढता येतो.

नवऱ्याचं वाक्य मी मुद्दाम शेवटी घेतलं. त्याचं म्हणणं खरं आहे, पण त्यावर मला तुमची समजूत घालायची नाही. दिवसभर न जेवलेली, रात्री एकला झोपलेली बाई कुठेच नसते, घरातही नसते आणि मांडवातही नसते. महिनाभर वेळेवर जेव, मग त्याला विचार. तेव्हाही तो हेच म्हणाला तर मला दुसरं पत्र लिही, मग त्याच्याकडेही बघू.

ते वेळापत्रक मात्र फाडून टाक. नवं करायला बसू नकोस, तुला रंग भरायला आवडतं हे मला कळलंय.

सीझन चालू आहे, म्हणजे येत्या आठ-दहा दिवसांत तुझी एखादी ऑर्डर असणारच. त्यांना कोटेशन आधीच गेलेलं आहे, म्हणून पुढच्यापासून बघू, असं तू म्हणशील. ते चालायचं नाही. आज संध्याकाळी सातनंतर, लोक घरी आल्यावर, मुलीच्या वडिलांना फोन कर. सांग, "काका, केटररला आमची दोन पानं सांगून ठेवा, सप्तपदी झाली की आम्ही लगेच जेवायला बसणार." एवढंच बोल, कारणं देऊ नकोस, ते हो म्हणतील. मग त्या मुलाला फोन करून सांग, या लग्नात वेळेवर जेवायला मिळणार आहे. लग्न झालं की मला दोन ओळी टाक, पंगतीत काय होतं तेही लिही.

– मावशी