जंक्शनं मरताहेत? आधी टेबलाचं अर्थिंग मोजा

तुमची जोसेफसन जंक्शनं (दोन अतिवाहक तारांमध्ये ऑक्साइडचा पातळ थर असलेले जोड) मरताहेत, ही पोस्ट वाचली आणि माझं पीएचडीचं तिसरं वर्ष डोळ्यांपुढे आलं. तुम्ही लिहिलंय: प्रोब स्टेशनवर (चिपवर सुया टेकवून मोजायच्या टेबलावर) रोध 8 किलोओहम, पण बाँडिंग करून, म्हणजे बारीक तारांनी जोडून, चिप क्रायोस्टॅटमध्ये (अतिथंड करायच्या यंत्रात) घातली की निम्मी जंक्शनं शॉर्ट, निम्मी ओपन. आणि तुमचे गाईड म्हणतात ऑक्सिडेशन, म्हणजे तो थर बनवणं, चुकतंय. ऑक्सिडेशन चुकलं असतं तर प्रोब स्टेशनवरच आकडे बिघडलेले दिसले असते.

मीही तेच ऐकून पाच महिने घालवले. ऑक्सिजनचा दाब बदलला, वेळ बदलली, रेझिस्टची (चिपवर नक्षी उमटवायच्या रसायनाची) नवी बाटली फोडली. शेवटी एक मेलेली चिप इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवली. दोन तारा जिथे एकमेकींवर चढतात तिथे जंक्शनच उरलं नव्हतं. तुटलेल्या टोकांना वितळून गोळा झालेले ॲल्युमिनियमचे मणी होते. हे स्टॅटिकचं, म्हणजे अंगावर साठलेल्या विजेचं काम. ऑक्साइडचा थर जेमतेम 1-2 नॅनोमीटर, एखादा व्होल्टही त्याला फोडायला पुरतो. आणि अंगावर दोन हजार व्होल्ट साठले तरी आपल्या बोटाला पत्ता लागत नाही.

एक खूण मला फार उशिरा दिसली. पावसाळ्यात बनवलेली सॅम्पल्स टिकली होती, मेली ती सगळी दिवाळीनंतरची. क्लीनरूममध्ये आर्द्रता सांभाळतात, पण आमच्या बाँडिंगच्या खोलीला नुसता एसी. पुण्यातल्या जानेवारीची दुपार किती कोरडी असते, तुम्हाला ठाऊक आहेच, आणि कोरड्या हवेत स्टॅटिक जास्त साठतं.

माझी खरी चूक वेगळीच. अंगावरचं स्टॅटिक जमिनीत उतरवणारा पट्टा मनगटाला बांधत होतो, म्हणून निर्धास्त होतो. पट्टा टेबलाला, टेबल भिंतीतल्या अर्थच्या पिनला. त्यापुढे मी कधी मोजलंच नाही. शंका आल्यावर देखभाल विभागाला तीन अर्ज दिले. तिन्ही वेळा एकच उत्तर: 'अर्थिंग केलेले आहे.' कोणी बघायलासुद्धा आलं नाही. अखेर दुसऱ्याच कामासाठी आलेल्या वायरमनदादांना विनंती केली. त्यांनी प्लेट उघडली, तर हिरवी वायर टोकाला टेप गुंडाळून आत कोंबलेली. पिनला जोडलेलीच नाही! पाच महिने, अकरा कूलडाउन (क्रायोस्टॅट थंड करायच्या फेऱ्या), प्रत्येक वेळी हीलियम. आजही आठवलं की संताप होतो.

तेव्हा फाइलमधल्या दाखल्यावर विसंबू नका. पट्ट्याच्या बकलपासून क्रायोस्टॅटच्या ग्राउंडपर्यंत स्वतः मोजा. 1 मेगाओहमच्या आसपास यायला हवा, पट्ट्यात तेवढा रोध मुद्दाम घातलेला असतो. बाँडिंगच्या आधी कॅरियरच्या (चिप बसवायच्या पट्टीच्या) सगळ्या पिना एकमेकींना शॉर्ट करा, आणि चिप क्रायोस्टॅटला जोडून ग्राउंड झाल्यावरच सोडा. हातातला मल्टिमीटर ओहमवर ठेवून थेट जंक्शनला लावणं माझ्या मते गुन्हाच आहे. लॉक-इन (अगदी लहान सिग्नल मोजणारं उपकरण) वापरा, मालिकेत 1 मेगाओहम टाका.

हे सगळं ॲल्युमिनियमच्या जंक्शनांपुरतं. नायोबियम नायट्राइडच्या तारांमध्ये असा ऑक्साइडचा पडदाच नसतो, तिथे दुखणं वेगळं असू शकतं.

जाता जाता: 0.3 मिलिव्होल्ट भागिले खोलीच्या तापमानाचा रोध, की क्रिटिकल करंटचा, म्हणजे जंक्शनमधून रोधाशिवाय वाहू शकणाऱ्या कमाल प्रवाहाचा अंदाज मिळतो. तुमच्या 8 किलोओहमला साधारण 37 नॅनोअँपियर. डिझाइनमध्ये तेवढा धरला असेल, तर जंक्शन बनवायच्या रेसिपीला हात लावू नका.

मेलेल्या चिपा फेकल्या नसतील तर एक आजच मायक्रोस्कोपखाली ठेवा, आणि तो फोटो घेऊनच गाईडकडे जा. बाँडिंगच्या वेळी पिना शॉर्ट होत्या का, तेवढं इथे कळवा.