स्वतंत्र माहितीपट निर्माता-दिग्दर्शक म्हणून घर चालतं का?

सुरुवातीची काही वर्षं सहसा नाही. बरेच जण सोबत संकलन, छायाचित्रण किंवा शिकवण्याचं काम करतात, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. खरा कस लागतो तो निर्माता म्हणून. आधी थोडं चित्रीकरण करून पाच-सात मिनिटांचा नमुना आणि नेमका प्रस्ताव तयार करा, मगच अनुदानांना अर्ज. ॲमस्टरडॅमला १९८८ पासून होणाऱ्या इड्फा या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवात सहनिर्मितीसाठी पैसे उभे करण्याचं व्यासपीठ असतं. वाहिन्यांचे, निधी देणाऱ्या संस्थांचे लोक तिथे समोरासमोर भेटतात. संगीत आणि जुन्या दृश्यांचे हक्क, तसंच माणसांची लेखी संमती पहिल्या दिवसापासून सांभाळा. विक्रीच्या वेळी घोडं तिथेच अडतं. आणि कृपा करून सगळे हक्क एकरकमी विकू नका, प्रदेश आणि मुदत ठरवून द्या.