एनएफएलमधला कोणता खेळाडू हॉल ऑफ फेममध्ये जाणार, हे आधीच कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: "दोन वर्षांपासून एनएफएल बघतोय. सध्या खेळणाऱ्या किंवा नुकत्याच निवृत्त झालेल्या खेळाडूंपैकी हॉल ऑफ फेममध्ये कोण जाईल, हे आकड्यांवरून सांगता येतं का?"

बऱ्यापैकी सांगता येतं. (एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, आणि हॉल ऑफ फेम म्हणजे थोर खेळाडूंचं सन्मान-दालन.) पण नवे प्रेक्षक सगळ्यात आधी जो आकडा बघतात, म्हणजे कारकिर्दीची एकूण बेरीज, तोच सगळ्यात कमी कामाचा. मी क्लीव्हलँडच्या बाजूला राहतो, कँटनचं हॉल ऑफ फेम इथून तासाभराच्या अंतरावर आहे आणि दर हिवाळ्यात उमेदवारांची यादी मी मन लावून बघतो. माझ्या मते दोनच गोष्टी विचाराव्यात. हा गडी आपल्या जागेवर किती मोसम अख्ख्या लीगमध्ये पहिला होता? आणि त्याचं नाव मतदानाला येईल तेव्हा त्याच्या पुढे कोण कोण उभे असतील?

पहिल्या गोष्टीसाठी दोन रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारे खेळाडू) शेजारी शेजारी ठेवा. फ्रँक गोरच्या नावावर धावून काढलेले बरोबर १६,००० यार्ड आहेत. इतिहासात तिसरा क्रमांक; पुढे फक्त एमिट स्मिथ आणि वॉल्टर पेटन. टेरेल डेव्हिसचे यार्ड ७,६०७, म्हणजे गोरच्या निम्मेसुद्धा नाहीत. डेव्हिस २०१७ मध्ये आत गेला. गोर २०२६ मध्ये पहिल्यांदा पात्र झाला आणि बाहेरच राहिला. कारण सोपं आहे. डेव्हिस १९९६ ते १९९८ अशी सलग तीन वर्षं ऑल-प्रोच्या (मोसमातल्या सर्वोत्तमांच्या) पहिल्या संघात होता, १९९८ मध्ये त्याने २,००८ यार्ड काढले, एमव्हीपी (मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू) झाला आणि डेन्व्हरला दोन सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) मिळवून दिले. गोर सोळा मोसम न थकता खेळला, पण "यंदाचा सगळ्यात भारी रनिंग बॅक कोण?" या प्रश्नाला त्याचं नाव एकदाही उत्तर म्हणून आलं नाही. ऑल-प्रोच्या पहिल्या संघात तो शून्य वेळा आहे. मला गोर मनापासून आवडतो आणि उशिरा का होईना, तो आत जाईल असं वाटतं. पण वाट बघावी लागणार हे दिसत होतं.

इथे ऑल-प्रो आणि प्रो बोल यांत गल्लत करू नका. ऑल-प्रो म्हणजे क्रीडा पत्रकारांनी निवडलेला मोसमाचा सर्वोत्तम संघ. प्रो बोल म्हणजे ताऱ्यांच्या खेळासाठीची निवड; तिच्यात चाहत्यांचीही मतं असतात, आणि निवडलेल्यांपैकी कुणी माघार घेतली की बदली नावं घुसतात. त्यामुळे नुसते पाच-सहा प्रो बोल फारसं काही सांगत नाहीत. ऑल-प्रोचे पहिले संघ मात्र मोजून ठेवा. तीन असतील तर चर्चा होणार. पाच असतील तर प्रश्न फक्त वर्षाचा.

ऑफेन्सिव्ह लाइनच्या (आपल्याकडे चेंडू असताना समोरच्यांना अडवणाऱ्या) खेळाडूंना तर दुसरा आधारच नसतो. त्यांच्या नावावर ना यार्ड, ना टचडाउन. जो थॉमस आमच्या क्लीव्हलँड ब्राउन्स संघाचा लेफ्ट टॅकल, म्हणजे त्याच लाइनच्या डाव्या टोकाचा खेळाडू. २००७ ते २०१७ या काळात संघाची इतकी दैना होती की प्लेऑफचा (बाद फेरीचा) एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चाल चालवणारे) येत होते, जात होते. पण पहिल्या सामन्यापासून ट्रायसेप्स फाटेपर्यंत त्याने सलग १०,३६३ स्नॅप (चेंडू खेळात येण्याची प्रत्येक वेळ) खेळले, एकही न चुकवता. म्हणजे दहा वर्षांहून जास्त काळ त्याच्या संघाकडे चेंडू असताना तो मैदानाबाहेर नव्हताच. सहा वेळा ऑल-प्रो पहिला संघ, दहा प्रो बोल. २०२३ मध्ये पहिल्याच वर्षी त्याची निवड झाली. विजेतेपद लागतंच असं म्हणणाऱ्यांना मी थॉमसचं नाव सांगतो.

आता मतदान, कारण निम्मा अंदाज तिथेच चुकतो. निवड समितीत ५० जण आहेत, बहुतेक पत्रकार. खेळाडू निवृत्त झाल्यावर पाच मोसम जावे लागतात, मग नाव पात्र होतं. यादी कमी होत होत १५ वर येते, मग १० वर, मग ७ वर. शेवटच्या सातांपैकी प्रत्येक सदस्य पाच नावं निवडतो आणि आत जायला ८० टक्के, म्हणजे ४० मतं लागतात. हिशोब करून बघा: ५० जणांची प्रत्येकी ५, म्हणजे २५० मतं. ती सातांत सारखी वाटली तर प्रत्येकाला ३५-३६ पडतात आणि चाळिशी कुणीच गाठत नाही! सातही जण खरोखर लायक असले की सगळ्यांचाच घोटाळा होतो. ही पद्धत २०२५ च्या निवडीपासून आली आणि त्या वर्षी सगळे मिळून चारच जण निवडले गेले: एरिक ॲलन, जेरेड ॲलन, अँटोनियो गेट्स आणि ज्येष्ठांच्या (फार पूर्वी निवृत्त झालेल्यांच्या) यादीतून स्टर्लिंग शार्प. ज्येष्ठ, प्रशिक्षक आणि संघ चालवणारे यांचा वेगळा पाचांचा गट असतो, त्यात प्रत्येक सदस्याला तीनच मतं देता येतात. २०२६ मध्ये या गटात रनिंग बॅक रॉजर क्रेग आत गेला आणि प्रशिक्षक म्हणून सहा सुपर बोल जिंकलेला बिल बेलिचिक बाहेर राहिला. थोरवीवरून अंदाज बांधणारे सगळे त्या दिवशी फसले. गणित मांडणाऱ्यांना धोका आधीच दिसत होता.

यातून एक उपयोगी गोष्ट हाती लागते. शेवटच्या सातांत येऊन ज्याची संधी हुकते, त्याच्यावर पुढच्या वर्षी लक्ष ठेवा. लाइनबॅकर ल्यूक कीकली आणि किकर ॲडम व्हिनॅटिएरी २०२५ मध्ये शेवटच्या सातांत होते, रिकाम्या हाती परतले, आणि २०२६ मध्ये दोघेही आत गेले. कीकली फक्त आठ मोसम खेळला, पण त्यातले पाच ऑल-प्रोच्या पहिल्या संघात. व्हिनॅटिएरीचे २,६७३ गुण हा लीगचा विक्रम आहे, तरीही किकरला मत देताना समितीचा हात अडखळतोच.

रांगेचा सगळ्यात मोठा फटका वाइड रिसीव्हरना (पास झेलणाऱ्यांना) बसतो. क्रिस कार्टर, टिम ब्राउन आणि आंद्रे रीड एकाच काळात यादीत होते. मतं तिघांत फुटत राहिली आणि वर्षानुवर्षं कुणाचंच काम होईना. शेवटी २०१३ मध्ये कार्टर, २०१४ मध्ये रीड, २०१५ मध्ये ब्राउन, असे एकामागून एक गेले. आज टोरी होल्ट आणि रेजी वेन तसेच अडकलेत. लॅरी फिट्झजेराल्डला ही अडचण आली नाही. ऑल-प्रोचा पहिला संघ त्याच्याकडे एकच आहे, पण १७,४९२ यार्डांच्या वर फक्त जेरी राइस असेल तर समिती बेरीजही मानते.

क्वार्टरबॅकचं मोजमाप वेगळं. दोनदा एमव्हीपी झालेला पात्र क्वार्टरबॅक आजवर बाहेर राहिलेला नाही. म्हणून ॲरन रॉजर्स (चार), पॅट्रिक माहोम्स (दोन, शिवाय तीन सुपर बोल) आणि लमार जॅक्सन (दोन) या तिघांची नावं आजच लिहून ठेवा. जॅक्सनला सुपर बोल मिळो न मिळो, माझं मत बदलणार नाही. उलट, दोन सुपर बोल जिंकणं पुरेसं नाही हे जिम प्लंकेटने कधीच दाखवून दिलंय. तो अजून बाहेर आहे. ईलाय मॅनिंगचं कोडं तेच: दोन सुपर बोल, दोन्हींत त्या सामन्याचा एमव्हीपी (मोसमाचा नव्हे), पण नियमित मोसमांत ११७ विजय आणि ११७ पराभव, आणि ऑल-प्रो एकदाही नाही. लोक विचारतात की टॉम ब्रेडीला दोनदा अंतिम सामन्यात हरवणारा बाहेर कसा? माझ्या मते तो जाईल, पण एखाद्या हलक्या वर्षी. मॅथ्यू स्टॅफर्ड डेट्रॉइटमध्ये बारा वर्षं होता तेव्हा त्याचं नाव कुणी काढत नव्हतं. रॅम्स संघाकडे येऊन पहिल्याच मोसमात सुपर बोल आणि मग २०२५ चा एमव्हीपी. आता तो ईलायच्या पुढे आहे, असं मी ठामपणे म्हणतो.

क्वार्टरबॅक फिलिप रिव्हर्सचंही सांगायला हवं. २०२६ च्या यादीत तो पुढे सरकला होता. डिसेंबर २०२५ मध्ये कोल्ट्स संघाचे क्वार्टरबॅक जायबंदी झाले आणि हा ४४ व्या वर्षी परत येऊन तीन सामने खेळला. नियमानुसार घड्याळ पुन्हा शून्यावर. आता २०३१ च्या आधी त्याचा विचार होणार नाही. संघाला गरज होती म्हणून सन्मान पुढे ढकलणारा माणूस मला यादीतल्या पुष्कळांपेक्षा मोठा वाटतो.

ही वाट बघणं कधी कधी फार क्रूर होतं. स्टर्लिंग शार्पची कारकीर्द १९९४ मध्ये मानेच्या दुखापतीने सात मोसमांत संपली. शेवटच्या मोसमात त्याचे १८ टचडाउन होते! धाकटा भाऊ शॅनन २०११ मध्ये आत गेला आणि भाषणात म्हणाला की मी आमच्या घरातला दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू आहे. थोरल्याला त्यानंतर आणखी चौदा वर्षं लागली. केन स्टेबलर जुलै २०१५ मध्ये वारला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये निवडला गेला. कँटनच्या त्या मंद उजेडाच्या दालनात ओळीने ब्राँझचे अर्धपुतळे आहेत, ट्रॉय पोलामालू या खेळाडूचे कुरळे केससुद्धा बटा न् बटा कोरलेत. ज्याचा पुतळा, त्याने तो बघितलाच नाही, हे मला पटत नाही. म्हणून दर वर्षी पाचही जागा भराव्यात आणि ज्येष्ठांना आणखी जागा द्याव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता अंदाज. २०२७ मध्ये नव्याने पात्र होणाऱ्यांत टाइट एंड रॉब ग्रॉन्काउस्की आणि रनिंग बॅक एड्रियन पीटरसन पहिल्याच फटक्यात जातील. दोघांकडेही चार-चार ऑल-प्रो पहिले संघ आहेत. बेन रॉथलिसबर्गर त्याच वर्षी येतोय. दोन सुपर बोल आहेत, पण ऑल-प्रो नाही, त्यामुळे त्याला एखादं वर्ष थांबावं लागू शकतं. २०२८ मध्ये ब्रेडी आणि जे. जे. वॉट. २०२९ मध्ये ॲरन डोनाल्ड आणि जेसन केल्सी. डोनाल्ड दहा मोसम खेळला, दहाही वेळा प्रो बोल, आठ वेळा ऑल-प्रो. त्याच्यावर चर्चेला पाच मिनिटंही लागू नयेत. या चौघांनी त्या दोन वर्षांतल्या चार जागा आजच धरून ठेवल्यात असं समजा. म्हणजे जुन्यांसाठी खरी खिडकी २०२७ चीच. तिथे माझं मत सिनसिनाटीच्या विली अँडरसनला. राइट टॅकल, २००४ ते २००६ सलग तीनदा ऑल-प्रो पहिला संघ, आणि २०२५ मध्ये शेवटच्या सातांत येऊन हुकलेला. राइट टॅकलला लेफ्ट टॅकलपेक्षा कमी लेखायची जुनी खोड समितीला नसती, तर तो केव्हाच आत असता. यंदा अंतिम १५ ची नावं आली की सगळ्यात आधी त्याचं नाव शोधा.