"आम्ही काय खानावळ चालवली होती काय?"

पत्र थोडक्यात असं : "वडील गेल्यावर चौथीनंतर आईनं मला गारगोटीजवळच्या आमच्या गावातून कोल्हापुरात, मंगळवार पेठेत मामांकडे ठेवलं. पदवीपर्यंत तिथंच वाढलो. आता पुण्यात चांगली नोकरी आहे. दिवाळीत मामांच्या हातात एक लाखाचं पाकीट ठेवलं, तर 'आम्ही काय खानावळ चालवली होती काय?' म्हणून त्यांनी परत केलं. आता त्यांच्या पंचाहत्तरीला हॉल घेऊन सत्कार करावा म्हणतो. पण मामीचं कौतुक केलं की आई गप्प होते. दादाशी, म्हणजे मामेभावाशी, हल्ली फारसं बोलणं नाही. उपकार फेडू कसे?"

नमस्कार.

मामा रागावलेले नाहीत, दुखावलेत. पाकीट बघून त्यांना वाटलं असणार, पोरगं हिशेब मिटवायला आलंय.

हॉलचा बेत सोडा. तिथं मामांना फेटा बांधतील, भाषणं होतील आणि मामी पंगतीचं बघत आत उभ्या राहतील. मामा तुमच्या आईचे सख्खे भाऊ. मामी बाहेरून त्या घरात आलेल्या. नणंदेचं पोर कायमचं ठेवून घ्यायला त्या नको म्हणाल्या असत्या, तरी कुणी बोल लावला नसता. पहिला मान त्यांचा.

तुम्हीच लिहिलंय, उन्हाळ्यात वर्षाची चटणी करताना मिरच्यांची देठं खुडून मामींच्या हातांची आग व्हायची. तेच त्यांना सांगा. "तुझे फार उपकार आहेत" म्हणालात, तर "असू दे, त्यात काय एवढं" म्हणत त्या चहा टाकायला उठतील. "मामी, मिरची कुटून डंकावरनं आलीस की हाताला तेल चोळत बसायचीस, मी बघायचो" असं म्हणा. त्या चटणीत तुमच्या वाट्याचीही मिरची होती. बोलताना घसा दाटेल असं वाटलं, तर लिहून द्या.

कोल्हापूर हे बोर्डिंगांचं गाव. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग जैन, मुस्लिम, लिंगायत समाजांची बोर्डिंगं झाली. खेड्यातली कितीतरी पोरं त्यामुळं शिकली. पण पेठांमधल्या दोन-दोन खोल्यांत मामा-मावशांनी जी पोरं शिकवली, त्यांची नोंद कुठल्याच पाटीवर नाही. ती नोंद तुमच्यासारख्यांनीच ठेवायची.

आईचं म्हणाल, तर पोटचं पोर भावाच्या दारात सोडून एसटीनं एकटी परत जाताना तिचं काय झालं असेल, हे तिला कधी विचारलंत का? आधी ते विचारा. मग तिला बरोबर घेऊनच मामींकडे जा. आभार दोघांनी मानायचे आहेत.

आणि पत्रात तुम्ही एका ओळीत उरकलेला तो दादा! मला सगळ्यात जास्त तोच खटकला. तुम्ही आलात तेव्हा त्याचं अर्धं अंथरूण गेलं, आईचं अर्धं लक्ष गेलं. मोठ्यांनी ठरवलं, त्याला कुणी विचारलं नाही. तो तेव्हा शाळकरी पोरच होता की! त्याला एकट्याला गाठा, रंकाळ्यावर चक्कर मारा आणि हे स्पष्ट बोला. तो कदाचित विषय बदलेल. बदलू दे, तुम्ही बोललेलं त्याच्यापर्यंत पोचेल.

ते एक लाख बाजूला तसेच ठेवा. मामांचं वय झालंय, दवाखाना कधी ना कधी मागे लागेल. तेव्हा किती द्यायचे म्हणून विचारत बसू नका. रजा टाकून या, बिलाच्या खिडकीशी दादाच्या शेजारी उभे राहा आणि मामांजवळ रात्री थांबायचं काम स्वतःकडे मागून घ्या.