पावसाळ्यात लाकडी दार चौकटीला घासायलंय, आत्ताच रंधा मारून घेऊ का? (लातूर)

नका मारू, दिवाळीपर्यंत थांबा. लाकूड हवेतला ओलावा ओढून रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच, आणि आपल्या मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी होते की आज तासलेल्या दाराला तेव्हा बोटभर नाही तरी चांगली फट पडते. आधी बिजागरी बघा, निम्म्या वेळेला वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन दार खाली झुकलेलं असतं आणि कडीकडचा वरचा कोपरा घासतो, तेव्हा भोकात फेविकॉल लावून काडेपेटीच्या काड्या ठोका, वाळू द्या आणि स्क्रू परत आवळा. ते ठीक असेल तर चौकटीला खडू लावून दार लावा, जिथं खडू उमटेल तिथंच घासायलंय, तोवर तिथं मेणबत्ती घासली की काम चालतं. नंतर लाकूड वाळल्यावरही अडलंच तर तेवढीच जागा १-२ मिमी तासा आणि कडा, विशेषतः वरची अन् खालची (ही कुणीच रंगवत नाही), वार्निशनं बंद करा. बाथरूमच्या प्लायच्या दाराला मात्र हे लागू नाही, खालचे थर एकदा सुटून फुगले की ते परत बसत नसतात.