गाठ हाताला कडक का लागते?

प्रश्न : माझ्या मावशींना स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले. गाठ हाताला कडक लागत होती. तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले, की तो कडकपणा निव्वळ कर्करोगाच्या पेशींचा नसून त्यांच्या भोवतीच्या धाग्यांचाही असतो. हे धागे येतात कोठून? आपल्या भोवती काय आहे, हे पेशीला कळते का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या डॉक्टरांनी सांगितले ते अचूक आहे. शरीरातील पेशी एकमेकींना नुसत्या चिकटून राहत नाहीत. त्यांच्या भोवती, त्यांनीच घडवून बाहेर सोडलेल्या प्रथिनांचे आणि शर्करायुक्त रेणूंचे एक जाळे असते, त्याला पेशीबाह्य आधारद्रव्य म्हणतात. कोलॅजेन हा त्यातील मुख्य धागा असून शरीरातील एकूण प्रथिनांपैकी सुमारे 30 टक्के प्रथिन कोलॅजेनच असते. फायब्रोनेक्टिन, लॅमिनिन, इलॅस्टिन ही या जाळ्यातील इतर महत्त्वाची प्रथिने आहेत. गाठ वाढू लागली की तिच्या आसपासच्या तंतुजनक पेशी, म्हणजे फायब्रोब्लास्ट, जखम भरून काढताना करतात तसेच काम सुरू करतात आणि कोलॅजेन रचत राहतात. त्यातच लायसिल ऑक्सिडेझ नावाचे विकर (एन्झाइम) त्या धाग्यांना एकमेकांशी पक्के जोडते, त्यामुळे जाळे घट्ट होत जाते. आपल्या बोटांना जाणवतो तो कडकपणा मोठ्या प्रमाणात या घट्ट जाळ्याचा असतो.

हा कडकपणा पेशीलाही कळतो. मात्र तो तिला ओढून पाहावा लागतो. पेशीच्या आवरणात इंटिग्रिन नावाची प्रथिने आरपार बसवलेली असतात. त्यांचे एक टोक बाहेरच्या धाग्याला धरते आणि दुसरे टोक आत टॅलिन या प्रथिनामार्फत पेशीच्या ॲक्टिन तंतूंना जोडलेले असते. मऊ चिखलात ठोकलेल्या खुंटीला दावे बांधून ओढले तर खुंटीच सरकत येते, पण मुरमाड जमिनीतील खुंटी हलत नाही आणि सगळा ताण दाव्यावर येतो. येथेही तसेच घडते. बाहेरचे जाळे मऊ असेल तर ते पेशीच्या ओढीला सैल पडते. कडक असेल तर टॅलिनवर ताण येऊन त्याच्या घड्या उलगडतात, आत दडलेल्या जागा उघड्या पडतात, तेथे व्हिन्क्युलिन हे दुसरे प्रथिन येऊन पकड भक्कम करते आणि वाढीचे संदेश थेट केंद्रकापर्यंत पोहोचतात. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील डेनिस डिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये दाखवले, की एकाच प्रकारच्या मूलपेशी मेंदूइतक्या मऊ, म्हणजे 1 किलोपास्कलपर्यंतच्या (किलोपास्कल हे येथे कडकपणाचे माप) जेलवर वाढवल्या तर चेतापेशींसारख्या दिसू लागतात, 8 ते 17 किलोपास्कलवर स्नायूंकडे झुकतात आणि 25 ते 40 किलोपास्कलवर अस्थिपेशींकडे. खालची जमीन बदलताच पेशीची वाट बदलावी, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

कर्करोगाच्या बाबतीत हा विचार लावून धरणाऱ्यांमध्ये तेहरानमध्ये जन्मलेल्या आणि कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत काम केलेल्या मीना बिसेल यांचे नाव आदराने घ्यावे लागेल. कोंबडीत गाठी निर्माण करणारा राऊस विषाणू त्यांनी आणि डेव्हिड डोलबर्ग यांनी अंड्यातील गर्भात टोचला, तेव्हा विषाणूचे घातक जनुक पेशींमध्ये सक्रिय असूनही गर्भात गाठ झाली नाही. त्याच पेशी गर्भातून सुट्या करून काचपात्रात वाढवल्या, तेव्हा मात्र त्यांनी कर्करोगी रूप धारण केले. हे 1984 चे काम. पुढे 1997 मध्ये व्हॅलेरी वीव्हर, बिसेल आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगी पेशी त्रिमितीय जेलमध्ये वाढवून त्यांच्यावरील बीटा-1 इंटिग्रिन प्रतिपिंडाने अडवले. अस्ताव्यस्त वाढणाऱ्या त्या पेशी निरोगी ग्रंथीप्रमाणे गोल, सुघड रचना करू लागल्या. त्यांच्या जनुकांतील बिघाड होता तसाच होता, तरीही त्यांचे वागणे बदलले होते. जनुकांतील दोष महत्त्वाचा आहेच, पण तो कोणत्या परिसरात आहे हेही तितकेच निर्णायक ठरते, असे या प्रयोगांवरून माझे ठाम मत झाले आहे.

यातून उपचार निघाले का, हे आपण विचारले नसले तरी आपल्या मनात असणारच. इंटिग्रिन अडवणारी औषधे आज वापरात आहेत, पण इतर आजारांसाठी. रक्तबिंबिकांचे (प्लेटलेट्सचे) इंटिग्रिन अडवून गुठळी रोखणारे एप्टिफिबाटाइड हे अमेरिकेतील एका बुटक्या खुळखुळ्या सापाच्या विषातील प्रथिनावरून घडवले गेले. आतड्याच्या दाहासाठी व्हेडोलिझुमॅब आहे. कर्करोगात मात्र वाट खडतर ठरली. मेंदूतील ग्लायोब्लास्टोमा या कर्करोगासाठी आशेने तपासलेले, इंटिग्रिन अडवणारे सिलेन्जिटाइड मोठ्या चाचणीत अपयशी ठरले. उंदरांमध्ये लायसिल ऑक्सिडेझ रोखल्यावर गाठीची वाढ मंदावल्याचे 2009 मध्ये दिसले होते, परंतु त्याच कुळातील एका विकराला अडवणारे सिमटुझुमॅब रुग्णांमध्ये उपयोगी ठरले नाही. त्यामुळे ‘गाठ मऊ करण्याचा’ उपाय कोणी सुचवत असेल तर मावशींनी त्याच्या मागे लागू नये आणि चालू उपचार सोडू नयेत, ही कळकळीची विनंती. आणखी एक गोष्ट सर्वच वाचकांसाठी : स्तनातील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण गाठ मऊ आहे म्हणून ती निर्धोक आहे असे हाताने ठरवता येत नाही. तपासणी हाच मार्ग आहे.

प्रश्न : कोलॅजेनची पावडर घेतल्याने शरीरातील हे जाळे भक्कम होते का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : खाल्लेले कोलॅजेन पचनात अमिनो आम्लांमध्ये आणि लहान तुकड्यांमध्ये मोडले जाते, ते अखंड जाऊन त्वचेत किंवा सांध्यात बसत नाही. शरीराला आपले कोलॅजेन स्वतःच विणावे लागते आणि त्याची तिपेडी वीण घट्ट बसण्यासाठी क जीवनसत्त्व लागते. पूर्वीच्या लांबच्या सागरप्रवासात ताजी फळे आणि भाज्या न मिळालेल्या खलाशांना स्कर्व्ही होत असे, आणि त्यांच्या कित्येक वर्षांपूर्वी भरून आलेल्या जखमा पुन्हा उकलत, कारण जुन्या वणातील कोलॅजेनही सतत झिजत आणि नव्याने विणले जात असते.